कुंकवाचा डाग पडलेली रायफल

"ह्या लाकडावर हे तांबडं काय सांडलंय?" दुकानदारानं विचारलं आणि ज्ञानदाचं टाळकं सरकलं.

"सांडलेलं नाहीये. लावलंय."

"कोणी?"

"मी."

मालाकी नावाचा तो बंदूकवाला मास्क हनुवटीखाली ओढून तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं तिच्या बाबांकडे, म्हणजे उपेंद्रकडे बघितलं. कोणीतरी मोठ्या माणसानं काहीतरी शहाणपणाचं बोलावं अशी त्याची अपेक्षा असणार. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते त्या डागाकडे बघत होते. दस्त्यावर, गाल टेकतो त्याच्या जरा मागे, बोटाएवढा लाल-काळपट ठिपका आणि त्याच्या भोवती हळदीची फिकट कड.

"मी दोनदा घासलं," मालाकी म्हणाला. "जातच नाही. तेल प्यालेलं लाकूड आहे ना, आत मुरलंय."

"घासू नकोस मग," ज्ञानदा म्हणाली. "तुला सांगितलं कोणी घासायला?"

"ज्ञानू," बाबा हळूच म्हणाले. एवढंच. पण त्या 'ज्ञानू'मध्ये अख्खं भाषण होतं. शाळा सोडलीस, ठीक. घोड्यांची लीद काढतेस, ठीक. निदान दुकानात येऊन भांडू नकोस.

काउंटरवर दोन रायफली आडव्या ठेवल्या होत्या. दोन्ही शेजारच्या म्हाताऱ्या ख्रिस्टीच्या. ख्रिस्टी फेब्रुवारीत गेला आणि त्याची बायको नोरीन हिनं दोन्ही इथे आणून ठेवल्या, कारण माणूस गेला की त्याचा परवानाही जातो. नोरीननं ज्ञानदाला निरोप धाडला होता: दोन्हीतली तुला हवी ती घे, दुसरी विकून टाकीन, दोन घेऊन तू काय करणार? पैशाचं बघू सावकाश. नोरीनला काय, ती म्हणाली आणि मोकळी झाली. इकडे ज्ञानदाची झोप उडाली.

एक होती टू-फोर्टी-थ्री मापाची. काळ्या प्लॅस्टिकचा दस्ता, त्यावर हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली, आयर्लंडमधल्या दर दुसऱ्या शिकाऱ्याकडे असते तसली. तिची काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात.

दुसरी ही कुंकवाची. ऑस्ट्रियात बनलेली, नळीच्या टोकापर्यंत अक्रोडाचं लाकूड चढवलेली, सडपातळ, एखाद्या जुन्या तानपुऱ्यासारखी. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारायची दांडी, ओढला की आवाज यायचा नाही, नुसतं लोणी कापल्यासारखं वाटायचं. आणि तिची काडतुसं साडेसहा-चोपन्नची. आता मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल.

"हे बघ," मालाकी म्हणाला, "मी आठ वर्षांत ह्या मापाचं एक खोकं विकलेलं नाही. इंग्लंडमधून यायची कधीतरी, पण ब्रेक्झिट झाल्यापासून सगळा माल अडकतोय. जर्मनीला ऑर्डर टाकीन मी, येतील तेव्हा येतील. सहा महिने, वर्ष, कोणास ठाऊक. आणि रिकाम्या पुंगळ्यांत घरी दारू भरायची म्हणशील तर आपल्या देशात त्याला बंदी आहे."

'आपल्या देशात' हे तो सहज बोलून गेला. एरवी ज्ञानदाला ते आवडलं असतं. आज तिचं लक्ष नव्हतं. तिच्या नाकात ख्रिस्टीच्या शेडचा वास आला होता. तेल, ओलं कुत्रं आणि चहा.

*

ख्रिस्टी त्यांच्या गल्लीच्या टोकाला राहायचा. नासच्या पुढे बॅलीमोरकडे जाताना ज्या अरुंद रस्त्यावर त्यांचं भाड्याचं घर होतं, तो रस्ता चढत चढत त्याच्या फाटकापाशी संपायचा आणि तिथून पुढे नुसता डोंगर. बाबा लिक्सलिपला चिपच्या कारखान्यात, आई शुभदा नासच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये, दोघांच्या शिफ्टा उलटसुलट. ज्ञानदा तेरा वर्षांची असताना शाळेच्या बसमधून उतरून घरी जायच्या ऐवजी फाटकापर्यंत चढली आणि कुंपणावर बसून राहिली. ख्रिस्टी दुर्बीण लावून समोरच्या उतरणीवर हरीण शोधत होता.

"डावीकडे आहे," ती म्हणाली. "फर्नमध्ये. फक्त कान दिसतायत."

त्याला सापडायला बराच वेळ लागला. मग दुर्बीण खाली घेऊन तो म्हणाला, "गर्ल, तुझे डोळे मला विकत देतेस का?"

तेव्हापासून तो तिला गर्लच म्हणायचा. ज्ञानदा हे नाव त्याच्या जिभेला झेपण्यातलं नव्हतंच. ती त्याला ख्रिस्टी म्हणायची आणि बाबांना त्याचा भारी त्रास व्हायचा.

"सत्तरीचा माणूस आहे तो. काका म्हण, आजोबा म्हण."

"बाबा, त्याला आजोबा म्हटलं तर तो मला कुंपणापलीकडे फेकेल."

पंधराव्या वर्षी तिला नेम शिकायचा रीतसर परवाना मिळाला. बाबांनी सही केली, फार कुरकुर न करता. त्याला कारण होतं. बाबा स्वतः बंदुकीच्या घरात वाढले होते.

लांज्याजवळच्या गावात पद्माकर आजोबांकडे, म्हणजे बाबांच्या अण्णांकडे, बारा बोअरची दुनळी होती, शेतीच्या संरक्षणाची. भात पिवळं पडायला लागलं की डुकरं उतरायची. ज्ञानदाचं कुटुंब पुण्यात होतं तोवर दर ऑक्टोबरात ती गावी जायची आणि तिथली तिची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे दसऱ्याची पूजा. पडवीत पाटावर सगळं मांडलेलं असायचं. कोयते, विळे, पंपाचा मोठा पाना, बाबांचा जुना कॅल्क्युलेटर आणि मध्यभागी दुनळी. तिच्या दोन्ही नळ्यांना मिळून एक झेंडूची माळ. कुंकू लावायचं काम ज्ञानदाचं.

"दस्त्याला लाव गो, नळीला नको," आजोबा म्हणायचे. "नळी गंजते."

"आणि ह्या कोयत्याला?"

"त्याला सगळीकडे लाव. तो कुठे लाजतोय."

आजोबांच्या काडतुसांची तऱ्हाच होती. ती कमी मिळायची म्हणून ते एकेक जपायचे. पावसाळा सरला की सुपात पसरून उन्हात ठेवायचे, कुरडयांच्या शेजारी. आजी कुरडया उलटायची, आजोबा काडतुसं उलटायचे. "त्यातलं एखादं तळू नका म्हणजे झालं," असं आजी दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी सगळे हसायचे.

२०१९ला निवडणूक लागली. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आजोबांनीही केली. ती परत मिळायच्या आत ते गेले. बाबा आयर्लंडहून गावी गेले, दिवस झाले, परत आले. वारसाचा अर्ज करायचा तर दोनचार महिने तिथे बसायला हवं होतं, इथे प्लँटवर नवीन लाईन चालू होत होती. दुनळी राहिली ठाण्यातच. बाबांनी तो विषय परत काढला नाही. पण टीव्हीवर कुठे बंदूक दिसली की ते चॅनल बदलायचे, हे ज्ञानदानं केव्हाच हेरलं होतं.

*

२०२०च्या सप्टेंबरात शाळा पुन्हा उघडल्या आणि ज्ञानदा दोन आठवडे गेली. मग एका बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिला विचारलं की लॉकडाऊनमध्ये तू मेंदू घरी विसरून आलीस का. ज्ञानदानं दप्तर उचललं आणि वर्गातून थेट रस्त्यावर. परत गेलीच नाही. घरी जो काही तमाशा झाला तो झाला. नंतर तिनं घोड्यांच्या यार्डात काम धरलं आणि शनिवार-रविवार ख्रिस्टीकडे.

ख्रिस्टीनं शाळेबद्दल एकदाच विचारलं. "बाई मूर्ख होती का?"

"हो."

"ग्रँड," तो म्हणाला. "पण मूर्ख बायकांमुळे आपण घर सोडत बसलो असतो, तर मी आत्ता ऑस्ट्रेलियात असतो." आणि नोरीनला ऐकू गेलं का ते त्यानं मागे वळून बघितलं.

त्या दसऱ्याला घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. कोणाच्या घरात जायचं नाही. ख्रिस्टीचं शेड मात्र गल्लीतच आणि दार सताड उघडं. ज्ञानदा हळद, कुंकू आणि दुकानातून आणलेली पिवळी शेवंती घेऊन गेली. झेंडू कुठून मिळणार? दारात उभं राहून तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. तो आत गेला आणि ऑस्ट्रियन रायफल घेऊन आला.

"ती नको," ती म्हणाली. "आपण जिच्यानं काम करतो ती आण. टू-फोर्टी-थ्री."

"ते प्लॅस्टिक? देवापुढे ते प्लॅस्टिक ठेवायचं? माझी आई थडग्यातून उठून येईल. तुला पूजा करायची ना, मग हिची कर."

खरं तर तिलाही तेच हवं होतं. एवढी देखणी वस्तू समोर आल्यावर तिला हात आवरेना. आजोबा कोरडं कुंकू चिमटीनं लावायला सांगायचे. ही घाईघाईत कुंकू खोबरेल तेलात कालवून गेली होती, वाऱ्यानं उडू नये म्हणून. बोट बुडवलं आणि दस्त्यावर दाबलं. लाकडानं ते क्षणात पिऊन टाकलं. फडक्यानं पुसायला गेली तर आणखी पसरलं.

"ओ गॉड," ती म्हणाली. "ख्रिस्टी, सॉरी. सॉरी, सॉरी."

ख्रिस्टी खाली वाकून बघत राहिला. ती रायफल त्याच्या बापाची. त्यावर बोटाचा ठसासुद्धा तो राहू द्यायचा नाही. ज्ञानदाला वाटलं, संपलं, आता परत फाटकाच्या आत पाऊल नाही.

"हा मला शाप आहे की माझं लग्न लागलंय?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही. ते... ते शुभ असतं."

"मग राहू दे," तो म्हणाला. "हात लावू नकोस." आणि त्यानं चहा ठेवला.

फेब्रुवारीत त्याच्या अंत्ययात्रेला चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. बाकी सगळी गल्ली रस्त्याच्या कडेला उभी राहिली. गाडी गेली तेव्हा बाबा तिच्या शेजारी हात जोडून उभे होते. समोरच्या कडेला हेनेसी, ज्याच्या डोंगरावर ख्रिस्टी शिकार करायचा तो शेतकरी, टोपी छातीशी धरून. आठवड्यानं हेनेसी यार्डात आला आणि म्हणाला, "रोपं खाऊन टाकतायत हरणं. ख्रिस्टीची जागा तुझी, सप्टेंबरपर्यंत धरून ठेवतो. रायफल घेऊन आलीस तर डोंगर तुझा. नाही तर डब्लिनचे चौघे मागे लागलेत, त्यांना देऊन टाकीन."

दुकानं मे महिन्यात उघडली. परवान्याला तीन महिने लागतात. म्हणजे आजच काय ते ठरवायला हवं होतं.

*

"मी हातात घेऊ का?" बाबांनी विचारलं.

मालाकीनं ऑस्ट्रियन रायफल रिकामी असल्याचं दाखवून त्यांच्याकडे दिली. बाबांनी ती घेतली आणि ज्ञानदाला तिचे बाबा ओळखू येईनासे झाले. कारखान्यात पांढऱ्या सूटमध्ये फिरणारा, डाळीत मीठ जास्त झालं तरी मेल लिहिल्यासारखं बोलणारा माणूस, त्यानं बोल्ट ओढला, पुढे सारला, दस्त्याला गाल लावला. कुंकवाचा डाग त्यांच्या कानाखाली आला. मग त्यांनी दस्त्याचा वास घेतला. चक्क वास घेतला.

"अण्णांच्या बंदुकीला असाच यायचा," ते म्हणाले.

ज्ञानदा वाट बघत होती की ते आता कारखान्याची गोष्ट काढतील. घरून निघताना गाडीत त्यांनी तेच सांगितलं होतं. ज्या मशीनचे सुटे भाग मिळत नाहीत ते मशीन आम्ही फुकटसुद्धा घेत नाही, ज्ञानू, भावना बाजूला ठेव. आणि ती गाडीत भांडली होती. कडाकडा. तुम्हाला काय कळतंय, तुम्ही आजोबांची बंदूक सोडून आलात, असंही बोलून गेली होती. त्यावर बाबांनी रेडिओ लावला होता आणि ब्लेसिंग्टनच्या सिग्नलपर्यंत बातम्याच ऐकल्या होत्या.

"घे हीच," बाबा म्हणाले.

"काय?"

"हीच घे. अगं, तू कुंकू लावलंयस हिला. ख्रिस्टीनं पुसू दिलं नाही. आणखी काय पाहिजे? काडतुसांचं मी बघतो. जर्मनीत माझा मित्र संकेत आहे ना, त्याला विचारू. आणि तोवर ख्रिस्टीची आहेतच की."

मालाकीला मराठी कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक वळलेलं कुठल्याही भाषेत कळतं. त्यानं लगेच कपाटातून दोन जुनी पुठ्ठ्याची खोकी काढली. एक भरलेलं, एक अर्धं. "हीसुद्धा तिच्याबरोबरच," तो म्हणाला.

ज्ञानदाला नाचावंसं वाटायला हवं होतं. ती हेच मागत होती तीन महिने. हिच्यानं वर्षाला एकच बार काढला तरी पुरे, असं तिनं ठरवलं होतं. ख्रिस्टीही तेच करायचा. सीझनच्या पहिल्या दिवशी फक्त हीच रायफल घेऊन जायचा, बाकी वर्षभर प्लॅस्टिक. तिनं खोकं उघडलं, एक काडतूस काढलं आणि खिडकीकडे धरलं.

मागच्या सप्टेंबरचा पहिला दिवस तिला आठवला. पहाट, धुकं, आणि इतका जवळ, इतका आडवा उभा असलेला नर की लहान पोरानंसुद्धा पाडला असता. ख्रिस्टीनं रायफल उचलली. गाल टेकला. आणि सावकाश खाली घेतली. "असू दे," म्हणाला. ज्ञानदा घरापर्यंत त्याच्याशी बोलली नव्हती. म्हातारा घाबरला, असं तिला वाटलं होतं. त्याच दिवशी दुपारी परत जाऊन त्यानं प्लॅस्टिकवालीनं दोन माद्या सोडून तिसरा नर एका गोळीत पाडला होता, आणि तरी तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

काडतुसाच्या तोंडाशी, पितळ जिथे गोळीला आवळतं तिथे, केसाएवढी चीर होती. तिनं दुसरं काढलं. त्यालाही. तिसऱ्याला नव्हती. चौथ्याला होती, आणि कडेला हिरवट.

"मालाकी, चष्मा लाव," ती म्हणाली.

त्यानं लावला. खूप वेळ बघितलं. "अरेच्चा," म्हणाला. "जुनं पितळ. असं चिरतं कधीकधी."

"हे वाजेल का?"

"वाजेल बहुतेक. कसं वाजेल ते सांगता येत नाही."

कसं वाजेल ते ज्ञानदाला माहीत होतं. ती नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पहाटे भातात डुकरं शिरली म्हणून आजोबा आणि शेजारचे सुभाषकाका धावले, ही मागे. आजोबांनी जपून ठेवलेलं काडतूस घातलं. चाप ओढला तर आधी नुसतं फुस्स झालं, आणि मग, नळी हलल्यावर, कसाबसा बार निघाला. डुकराच्या मागच्या पायाला लागलं. ते ओरडत रानात गेलं. आजोबा आणि सुभाषकाका उन्हं डोक्यावर येईपर्यंत शोधत होते. सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी वहाळाकडून वास आला. आजोबा त्या दिवशी पानावर बसले आणि उठले. संध्याकाळी त्यांनी सुपातली सगळी काडतुसं नेऊन पुरली.

"इतकं जपायला नको होतं गो," एवढंच ते म्हणाले होते.

"बाबा, तुम्हाला ते डुक्कर आठवतं?"

बाबा तेव्हा गावात नव्हते. पण त्यांना सांगितलेलं होतं. अण्णांनी स्वतः फोनवर सांगितलं होतं. त्यांनी तिच्या हातातलं काडतूस घेतलं, खिडकीकडे धरलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पुन्हा कारखान्यातला झाला.

"आपण नवीन मागवू," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "वर्षभर थांबायचं. रायफल कुठे पळून चाललीय?"

"डोंगर पळून चाललाय ना. हेनेसी डब्लिनवाल्यांना देईल. मग ही घेऊन मी कुठे जाऊ, कपाटाच्या फेऱ्या मारू? वर्षानं काडतुसं आली तरी मी ती मोजतच बसणार. ख्रिस्टीसारखी. आजोबांसारखी." तिचा आवाज चढला आणि फाटला. "मला ती हवीय हो बाबा. मला खूप हवीय ती. पण हिच्या भरवशावर मी हरणासमोर उभी राहू शकत नाही. ख्रिस्टीसुद्धा नाही उभा राहिला. आणि मी त्याला मनातल्या मनात भित्रा म्हटलं."

बाबांनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. मास्कलाच डोळे पुसले.

"ती काळी," तिनं मालाकीला सांगितलं.

"नक्की?"

"तू माझी मस्करी करतोयस का? हो म्हटलं ना."

बाबांनी दुसऱ्या हातातली ऑस्ट्रियन रायफल लगेच खाली ठेवली नाही. डागावर अंगठा ठेवला, क्षणभर, देवघरातून बाहेर पडताना उंबऱ्याला ठेवतात तसा, आणि मग काउंटरवर सोडली. कॉर्कचा एक संग्राहक आहे, त्याला नुसत्या बघायला आवडतात, तो घेईल, असं मालाकी म्हणाला.

"त्याला सांग, डाग घासायचा नाही," ज्ञानदा म्हणाली.

"काय आहे म्हणून सांगू?"

"सांग, शुभ असतं."

*

परवाना ऑगस्टच्या शेवटी आला. हेनेसीनं फाटकाची चावी दिली.

दसऱ्याच्या सकाळी बाबा रजा काढून घरी होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी पाट मांडला. आईचा लॅबचा पांढरा कोट, त्यांचे कारखान्यातले चिमटे, ज्ञानदाचा यार्डातला खरारा, आणि मध्ये काळी रायफल, चिकटपट्टीसकट. कपाटातून हळदीकुंकवाचा डबा त्यांनीच काढला.

ज्ञानदानं ह्या वेळी कोरडं कुंकू घेतलं. चिमटीनं दस्त्यावर टेकवलं. ते घसरून पाटावर पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"चिकटत नाहीये," बाबा म्हणाले. "तेलात कालवू का थोडं?"

"राहू दे. हिला नाही चालत."

बाबा हसले. ती हसली नाही. तिनं शेवंतीचं एक फूल नळीखाली ठेवलं, पाच मिनिटं राहू दिलं, मग रायफल खांद्याला अडकवून गल्ली चढायला लागली. नोरीन दारात उभी होती. तिनं हात वर केला.

फर्न तांबूस झाले होते. ज्ञानदा खडकाला टेकून बसली, ख्रिस्टी बसायचा तिथेच. खिशातून काडतूस काढलं. नवं, चकचकीत, परवा नासमधून आणलेलं. अंगठ्याला अजून कुंकू होतं, ते पितळेवर उमटलं. खाली उतरणीवर नरानं शीळ घातली, लांब आणि कर्कश, दसऱ्याच्या सुमारास माजावर आले की ते घालतात तशी.

पुसावं की नाही असं एकदा तिच्या मनात आलं. मग तिनं ते तसंच आत सरकवलं आणि बोल्ट लावला. खडखडाट झाला. लोणी वगैरे काही नाही.

"डावीकडे," ती पुटपुटली. "फर्नमध्ये."